खिडकीतलं दुपटं

सासूबाईंनी अर्धं शिवलेलं दुपटं आठवडाभर खिडकीत पडून आहे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्यांच्या सुती साडीचं. सुई तशीच टोचलेली.

सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाल्या होत्या, "नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, तुमच्या बाळाच्या नाळेत दोनच दिसतायत. बहुतेक बाळं ठीक असतात, तरी गुणसूत्रांची तपासणी करून घेऊ." घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "आई, रिपोर्ट येईपर्यंत काही शिवू नका." त्यांनी वाद घातला नाही. चष्मा काढून ठेवला.

नंतर कमी दुखावं म्हणून आधी जीवच लावायचा नाही, असा माझा हिशेब. पोटावरून हात फिरवणंही मी सोडलंय. आणि आत्ता आतून हलकीशी ढुशी बसली. एक वाहिनी कमी असूनही ते माझ्याकडून मिळेल ते घेतंय, कशाचीही वाट न बघता. हातचं राखून देतेय ती मीच.

दुपटं उचलून मी सासूबाईंच्या खोलीत गेले. मला बघताच त्यांनी मांडीवरचं दुसरं दुपटं घाईघाईने पदराखाली झाकलं.