काटेवाल्यांचं पिवळं विमान

बाजारात त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. सोनाराचा नाजूक काटा असो, औषधाच्या दुकानातला असो की भंगारवाल्याचा भला थोरला वजनकाटा, बिघडला की तो त्यांच्या सहा बाय आठच्या खोलीत यायचा. दांडी एका बाजूला केसभर जरी कलली तरी या गृहस्थांना जेवण गोड लागत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, एवढं चालतं." त्यावर हे म्हणायचे, "तुम्हाला चालतं. मला नाही चालत." आणि नीट झालेला काटा पुन्हा खोलून बसायचे. गिऱ्हाईक बिचारं स्टुलावर ताटकळत राहायचं.

वय छप्पन्न. लग्न केलं नाही. घरात ते आणि थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच शिवणाच्या कारखान्यातले शर्ट घरी आणून, त्यांना काजं करून यांना लहानाचं मोठं केलं. दिवसाला साठ-साठ शर्ट. ती अजूनही त्यांना छोट्या म्हणते, दुकानात चार माणसं बसलेली असली तरी.

त्याच ताईने वर्षभर सांगितलं होतं, "छोट्या, सुईचं नेढं दिसेनासं झालंय रे." आणि यांनी वर्षभर कानाडोळा केला. "नंबर बदलला असेल. जाऊ या महिन्यात." तो महिना काही उजाडला नाही. शेवटी गेले, तेव्हा डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वाळत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं दोन-तीन महिन्यांत जाईल. "आधी आलो असतो तर?" काटेवाल्यांनी विचारलं. "फार फरक पडला नसता, कदाचित," डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर गुंजभर फरकासाठी भांडलेला माणूस, त्याला त्या 'कदाचित'ने पार खाऊन टाकलं.

"काय बघायचंय तुला?" त्यांनी घरी आल्यावर विचारलं. समुद्र म्हणेल, डोंगर म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. ताईने थोडा विचार केला.

"तू विमान उडवणार होतास ना? रिमोटचं. दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहायचास. मी म्हटलं होतं, मोठा झालास की घे. तेवढं राहिलं बघ."

आठ वर्षांच्या पोराचा हट्ट छप्पन्नाव्या वर्षी पुरवायचा होता, आणि तोही डॉक्टरांनी दिलेल्या दोन-तीन महिन्यांत. ताईच्या डोळ्यांसाठी दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून काटेवाले याच्याच मागे हात धुऊन लागले. पण त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. दुकानात रोज विमानाचं एक चित्र कापून भिंतीला चिकटवायचे आणि रोज दुसरंच आवडायचं. त्यात दीड महिना गेला.

याच दिवसांत त्यांच्या मनाला दुसरा एक काटा लागला. ताई त्यांच्या तोंडाकडे बघून बोलेनाशी झाली. काही विचारलं की मान वळवायची आणि दाराच्या कडीकडे किंवा भिंतीकडे बघत उत्तर द्यायची. स्वर नेहमीचाच, पण तोंड दुसरीकडे. तिने मनात धरलंय, त्यांनी ठरवून टाकलं. वर्षभर नेलं नाही, ते धरलंय. बरोबरच आहे तिचं. विचारायची मात्र हिंमत होत नव्हती.

विमानांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. चालवणाऱ्या बाईंच्या बोटांवर गोंदाचे पापुद्रे सुकलेले. छताला विमानं टांगलेली, आणि त्यांतलं एक लाल, अंगाखाली पंख असलेलं, लढाऊ. त्याच्यावर काटेवाल्यांची नजर खिळली. काचेमागचं तेव्हाचं विमान हुबेहूब असंच होतं.

"हे आधी कधी उडवलंय?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे घेतलंत तर तीन सेकंद उडेल. पहिलं विमान दिसायला घेऊ नका, पडायला घ्या. फोमचं घ्या, चिकटवता येतं. पंख अंगाच्या वर हवेत, म्हणजे ते स्वतःच सावरतं. मोठं हवं आणि सावकाश जाणारं, म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. बॅटरीवर दहा मिनिटं चालेल, तेवढी रग्गड झाली."

ताई तोवर फळीवरच्या विमानांवरून हात फिरवत होती. एकाच्या पंखाची रुंदी तिने वितीने मोजली, दोनदा. "हे कुठल्या रंगाचं?" तिने विचारलं.

"पिवळं की! दिसत नाही का?" काटेवाले बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"इथे अंधार आहे," ताई म्हणाली. दुकानात पाच ट्यूबलाइट होत्या. "हेच घे छोट्या. मोठं आहे."

लाल विमानाकडे एकदा बघून त्यांनी पिवळं घेतलं. बाईंनी नाकावर फिरणारे दोन जादा पंखे दिले. "लागतील," एवढंच म्हणाल्या. मग पंखाखालच्या दोन खुणा दाखवल्या. "बॅटरी बसवून या खुणांवर बोटं ठेवून उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. आणि पहिल्यांदा उडवताना कुणी जाणकार सोबत असू द्या. रविवारी मी असते मैदानावर."

आता हे सांगितलं कुणाला, तर काटेवाल्यांना! घरी आल्यावर त्यांनी विमान टेबलावर ठेवलं आणि खुणा पाहिल्या. त्या पंखाच्या मध्यावर नव्हत्याच, चांगल्या पुढे सरकलेल्या होत्या. कारखान्याची चूक, ते मनाशी म्हणाले. आणि शिवाय नाक झुकलेलं ठेवायचं? त्यांनी पट्टीने पंखाचा बरोबर मध्य काढला, विमान दोऱ्याने टांगलं आणि शेपटीत पितळेचे तुकडे घालत गेले. विमान हवेत अगदी समपातळीत, निश्चल राहिलं तेव्हा थांबले. चाळीस वर्षांत इतका सुंदर तोल साधला नव्हता. "बघ ताई!" ते म्हणाले. ताईने मान वळवून खिडकीकडे बघितलं आणि "छान" म्हणाली. यांचा चेहरा पडला.

रविवारपर्यंत थांबायचा धीर नव्हता. गुरुवारी सकाळी बंद कारखान्यामागच्या मैदानात दोघं गेले. कोपऱ्यात खांबांवर उभी पाण्याची टाकी, बाकी मोकळं गवत. ताईला घडीच्या खुर्चीत बसवलं. डाव्या हातात रिमोट, उजव्या हातात विमान.

"बघतेस ना?"

"बघतेय. टाक."

त्यांनी टाकलं. पिवळं विमान हातातून सुटलं आणि त्याने एकदम नाक वर केलं. काटेवाल्यांनी रिमोटची काडी पुढे ढकलली, ते ऐकेना. आणखी वर, सरळ आभाळाकडे, मग क्षणभर थबकलं, शेपटीवर बसल्यासारखं झालं आणि उलटून गवतात नाकावर आपटलं. चार सेकंद झाले असतील. बाईंनी लाल विमानाला तीन दिले होते.

काटेवाले तिथेच उभे. हातातल्या काड्या ते अजून हलवत होते. मागे वळून बघितलं तर ताईचं तोंड पाण्याच्या टाकीकडे. नाही बघितलं तिने! एवढा आटापिटा केला आणि ही टाकी बघत बसली. राग आला, आणि त्याच दमात हायसंही वाटलं.

"उडालं ग ताई, मस्त उडालं," ते म्हणाले. "उतरवलं आता."

"पडलं," ताई म्हणाली. "आधी नाक वर केलं, मग शेपटीवर बसलं आणि पडलं. दिसलं मला."

"तू तर टाकीकडे बघत होतीस!"

"सरळ बघितलं की पुसून जातं रे. मधे नुसता राखाडी डाग. बाजूला बघितलं की कडेने दिसतं."

काटेवाल्यांना एकेक आठवलं. दाराची कडी, भिंत, खिडकी. महिनाभर हेच.

"माझ्याशी बोलताना... मला वाटलं तू रागावलीस."

"वेडाच आहेस. तुझं तोंड बघायचं म्हणून तर वळवते मान," ती म्हणाली. "समोर बघितलं तर तुला डोकंच नसतं."

एरवी ते हसले असते. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. तू चित्रं कापत होतास. म्हटलं, कापू दे."

म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांशी ते शर्यत लावत होते, ते दुसऱ्याच आठवड्यात संपले होते. ताई आता त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून कधीच बघणार नव्हती. यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता. घालायला तुकडा नव्हता की फिरवायला स्क्रू नव्हता. ते तिच्या खुर्चीशी गवतात बसून राहिले.

"शेपटी जड झालीये त्याची," ताई म्हणाली. "मला आंधळीला दिसलं. काय घातलंस?"

त्यांनी विमान आणून शेपटीतले पितळेचे तुकडे काढून खिशात टाकले. फाटलेल्या नाकाला चिकटपट्टी लावली, पंखा बदलला. बॅटरी जागेवर बसवून, खुणांवर बोटं ठेवून विमान उचललं. नाक किंचित खाली झुकलं. त्यांनी तसंच झुकलेलं राहू दिलं.

"टाक आता," ताई म्हणाली आणि मान पूर्ण वळवून टाकीकडे बघत बसली.

या वेळी विमान संथ गेलं, वर चढलं, सरळ झालं. काटेवाल्यांनी ते बघितलं, पण एवढंच. मग डोळे असे भरून आले की आभाळ आणि विमान सगळं एक झालं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"ताई," ते घाबरून म्हणाले, "मला दिसत नाही ग. कुठं आहे ते?"

"टाकीच्या वर," ताई म्हणाली. "लांब चाललंय. वळव, छोट्या. हळू."