चंद्रीचं पाणी

तळ्यात उतरण्याआधी मामा ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचे. मग मागं वळून आम्हाला सांगायचे, "उतरा. मागल्या खेपंपेक्षा बरं हाय." पाण्याच्या तपासणीचे अहवाल तितके बरे नसायचे. तरी आम्ही उतरायचो.

आमच्या भागातल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी कधी उभे राहिला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. चंद्री नावाची एकच म्हैस आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट धार. "पावणं, बोलत काय बसलाय? फेस मरतोय की." बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली. दिवसभर बोलायला चंद्री, संध्याकाळी गिऱ्हाईक.

बागेतल्या तळ्यात जलपर्णी माजली, सांडपाण्याचा वास घरात येऊ लागला, तेव्हा आम्ही काही घरांनी मिळून रविवारी तळं साफ करायला घेतलं. मामा सगळ्यांत आधी आले. येण्याचं कारणही त्यांनी लपवलं नाही. चंद्री रेडकू असल्यापासून दुपारी त्याच तळ्यात डुंबायची. पाणी नासल्यापासून त्यांनी तिला आत सोडलं नव्हतं.

"माझी म्हस परत पाण्यात बसली पायजे. तुमचं ते पर्यावरण तुमी बघा," म्हणायचे आणि छातीभर पाण्यात उभं राहून जलपर्णीचे गठ्ठे काठाकडं ढकलायचे.

तळं पूर्ण साफ झालं असं लोक सांगतात, ते खरं नाही. अर्धं झालं म्हणणंही थोडं जास्त होईल. पण वास गेला आणि बगळे परत आले, एवढं मी पाहिलं आहे.

मग नियम ठरवायला बैठक झाली. निर्माल्य नको, धुणं नको, गाड्या धुणं नको, कामाशिवाय पाण्यात उतरणं नको. जनावरांचा विषय निघाला तसे सगळे मामांकडं बघू लागले. कुणीतरी म्हणालं, एका म्हशीनं काय होतंय, मामांची तेवढी राहू दे. तेव्हा मामाच उठले.

"एक सोडली की धा येतील. मी म्हशीवाला हाय, मला ठावं हाय. न्हाय म्हंजे न्हाय."

बंदीच्या बाजूनं हात वर करून ते बसले आणि बराच वेळ तो खाली घ्यायचं विसरले.

उन्हाळ्यात गल्लीतल्या नळाच्या पाण्यावर त्यांनी चंद्रीचं कसंबसं निभावलं. म्हशीला तेवढ्यानं भागत नाही. ती धापा टाकायची. शेवटी कोडोलीच्या एका शेतकऱ्याच्या मळ्याला लागून ओढा आहे, म्हणून त्याला त्यांनी ती दिली.

थोड्याच दिवसांत तिकडून फोन आला, म्हैस परक्या हाताला पान्हवत नाही. मामा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. पहाटेच्या एसटीनं ते कोडोलीला जाऊ लागले आणि धार काढून परत आले की भेटेल त्याला सांगू लागले, "मला वळखती की."

एका रविवारी ते सकाळीच तळ्यावर दिसले. आज कोडोलीला नाही का, मी विचारलं.

"सोडती आता दूध. त्यांच्या सुनंच्या हाताला." मग म्हणाले, "ब्येस झालं. किती दिस हेलपाटं घालायचं."

काम संपल्यावर ते पाण्यात पाय सोडून पायरीवर बसले. बागेचा रखवालदार नवा होता. त्यानं शिट्टी मारली. "ओ आजोबा, पाटी दिसत न्हाय व्हय? पाय काढा पाण्यातनं."

हे कोण आहेत ते मी त्याला सांगायला निघालो, तर मामांनी हातानंच अडवलं. धोतराच्या सोग्यानं पाय पुसले, चपला घातल्या. "बरोबर हाय त्याचं," म्हणाले आणि फाटकाकडं चालू लागले.

पुढच्या रविवारी आम्ही जरा वाट पाहून कामाला लागलो. मामा कुठं गेलेले नाहीत. घर तेच आहे, दाराला कुलूप नसतं. हाक मारली की आतून ओ येते. मामा तळ्यावर येत नाहीत.