जुन्या नागपूरचं वाचनालय आणि आमचे वाचक

आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' असा बोर्ड होता. आत कोणी बोलायचं नाही, म्हणूनच बहुतेक बाहेर सांगण्यासारखं माझ्याकडे एवढं साठलं.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत होतं ते. जुन्या नागपूरची पुस्तकं, नकाशे, वर्तमानपत्रं. सत्तरच्या दशकात मी तिथं सहायक होते. आमचे ग्रंथपाल बोकडे सर. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही.

मे महिन्यात वाचक एकदम वाढायचे, कारण हॉलमध्ये कूलर होता. एक रिटायर्ड मास्तर रोज त्याच्यासमोर बसून भोसलेकाळाचा जाडजूड ग्रंथ उघडत आणि लगेच डुलक्या घेत. एकदा सरांनी जाऊन हळूच पान उलटलं. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "मागचं राहिलंय अजून."

महालातले एक गृहस्थ आले. आपले पूर्वज भोसल्यांकडे सरदार होते, अशी त्यांची खात्री. सरांनी बरंच शोधलं. पूर्वज निघाले मुदपाकखान्यातले आचारी. गृहस्थ तडक निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि विचारू लागले, काय काय रांधत, ते कुठं लिहिलंय का?

नरखेडकडच्या एका बागायतदाराची विहीर आटली, संत्र्याची बाग वाळायला लागली. आजोबांच्या काळची एक बुजलेली विहीर शेतात आहे म्हणे. सरांनी जुन्या नकाशांवरून जागा काढून दिली. पुढच्या हंगामात तो पिशवीभर संत्री घेऊन आला. विहीर लागली का, सरांनी विचारलं.

"लागली ना सर. पन शेजाऱ्याच्या वावरात निघाली. पानी देते तो मले. हे संत्रे त्याच पान्याचे हायेत."

आणि एकदा इंदोऱ्याहून एक आजी आल्या, लेकीचा हात धरून. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला त्यांचे यजमान मैदानात होते. पुढं लेक पोटात असतानाच ते वारले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. सरांनी त्या दिवसांतलं वर्तमानपत्र काढलं. पानभर गर्दीचा फोटो, डोकी तिळाएवढी. आजी भिंग घेऊन दुपारभर वाकून बघत राहिल्या. मग एका पुसट ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हेच व्हय आमचे मालक. मान अशीच वाकडी ठेवत."

लेकीनं वडलांना पहिल्यांदाच पाहिलं. किती तरी वेळ ती भिंग सोडेना.

काही महिन्यांनी कामठीकडची दुसरीच एक बाई आली. तिचा भाऊ त्या गर्दीत होता, नंतर खाणीतल्या अपघातात गेला. तिलाही सरांनी तेच पान काढून दिलं. बघता बघता तिचं बोट त्याच ठिपक्यावर थांबलं.

"हा माहा भाऊ. हासून राहिला, पाहा."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी तिच्यामागं खुर्ची सरकवली.

"बसा बाई. निवांत बघा."