लावून न पाहिलेली चावी

चावीवाल्याला गल्लीत सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचे. निम्मं कौतुक, निम्मी टिंगल. बत्तीस वर्षं कानस घासून माणूस गप्प बसेल की नाही? छे! या गृहस्थांनी शिलाई मशीनची मोटर, एक जुना कॅमेरा आणि कुठून कुठून जमवलेले स्क्रू जोडत अकरा वर्षांत एक यंत्र उभं केलं. बायको म्हणायची, “यंत्राशीच लग्न लावलं असतंत, तर माझी तरी सुटका झाली असती!”

यंत्र होतं मात्र अफलातून. इतर यंत्रं झिजलेल्या चावीची झिजलेलीच नक्कल काढतात. हे यंत्र झिजलेली चावी बघून ती नवी असताना कशी असेल ते ओळखायचं आणि तशी कोरी करकरीत कापायचं. शास्त्रज्ञांचा त्याच्यावर इतका जीव, की चावी कुलपात फिरवून पाहिल्याशिवाय हातावेगळी करायची नाही हा धंद्यातला पहिला नियमच ते विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाहीत, त्यांना तो अपमान वाटायला लागला.

त्या सकाळी ते खाली दुकानात होते. तिसऱ्या मजल्यावरून लेक अनवाणी धावत आली.

“बाबा, जादा चावी द्या! मी कचरा ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. माझी चावी आत, बाळ आत, आणि गॅसवर तेल तापतंय!”

यंत्राने कापून भिंतीवर टांगलेली जादा चावी ओढून शास्त्रज्ञ जिना चढले. चावी आत गेली अगदी लोण्यासारखी. फिरेना. परत घातली, फिरेना. दार लोखंडी, खांद्याने धक्के मारून हलणारं नव्हे. जावयाकडे तिसरी चावी होती, पण तो कामावर, दीड तास लांब. शेजारणीने अग्निशमन दलाला फोन लावला. दाराखालून करपल्याचा वास यायला लागला आणि आत बाळाने टाहो फोडला.

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा, चावी एकटी झिजत नाही, कुलूपही तिच्याबरोबर झिजतं! पंधरा वर्षं एकमेकांना घासून दोघांचं जमलेलं, आणि यंत्राने त्यात भलतीच तरुण चावी आणून बसवली होती.

“बाबा, काहीतरी करा ना!”

“गप्प बस जरा,” ते ओरडले. लेकीवर आयुष्यात पहिल्यांदा.

खिशातून बारीक कानस काढली. चावी कुलपात दाबून जराशी पिरगळली आणि बाहेर काढली. अडलेल्या दातावर ठिपका चमकला. तिथे दोन हात कानस मारली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दुसरा ठिपका. जास्त घासलं तर चावी कामातून गेली, आणि दुसरी कापायला वेळ कुठला? घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. वासाचा आता धूर झाला होता. बाळ रडता रडता खोकायला लागलं. लेक दाराला कपाळ टेकून “आले रे राजा, आले” म्हणत होती.

सहाव्या खेपेला कुलूप फिरलं.

लेक आत झेपावली. आधी गॅस बंद, मग बाळ छातीशी. तेल काळं पडलं होतं, पेटलं नव्हतं. दोघंही खोकत दारात आली. शास्त्रज्ञांनी बाळासाठी हात पुढे केले, पण ती मागे सरली.

“लावून पाहिली होतीत?”

जिन्यावर अख्खी इमारत गोळा झालेली. शेजारणीला दया आली. “अगं, कुलूपच म्हातारं झालंय. त्याला ते काय करणार बिचारे?”

आयती सबब चालून आली होती. नुसती मान हलवायची, की अकरा वर्षं वाचत होती. शास्त्रज्ञांनी बाळाच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

“कुलपाचा दोष नाही,” ते म्हणाले. “मी लावून पाहिली नव्हती. गेल्या महिन्यात तुम्हा सगळ्यांना जादा चाव्या दिल्या ना, त्यातली एकही पाहिलेली नाही.”

कोणी हसलं नाही. मग एकेक जण जादा चावी लावून पाहायला आपापल्या दाराकडे वळला.