इंदूमावशीची सुटलेली गोळी

इंदूमावशींना "कशा आहात?" असं विचारायचं नाही, हे धामणगाव बढ्यात नव्याने येणाऱ्याला कोणीतरी वेळीच सांगायला हवं होतं. मला कोणी सांगितलं नाही. शाळेत रुजू झालो, त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच सकाळी त्या अंगणात दिसल्या म्हणून रीतीप्रमाणे विचारलं. या प्रश्नावर सारं जग "बरं आहे" म्हणतं. मावशींनी हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि गुडघा, डोळा, पोट, वाटणीवरून अबोला धरलेला दीर, असं सगळं नीट सांगायला सुरुवात केली. तिकडे शाळेची घंटा झाली तेव्हा म्हणाल्या, "जा आता. अन् उद्यापासून इचारायचं असंल त येळ काढून इचारत जा, मास्तर. मले बरं हाय म्हनता येत नाई."

नवरा गेल्यावर शेती त्याच पाहत. मुलगा पुण्याला होता आणि त्याने आईला तिकडे नेण्याचा विषय दरवर्षी काढून दरवर्षी मागे घेतला होता. कापूस घेऊन त्या स्वतः मलकापूरला जात आणि व्यापाऱ्याने मूठभर कापूस हातात घेऊन नाक मुरडलं, की म्हणत, "तुह्या नाकाले दाखवाले नाई आनला, बाप्पा. काट्यावर ठेव." गावात त्यांना भिणारे बरेच होते आणि त्यांच्यावाचून अडणारे त्याहून जास्त.

अशा बाईला झोपेची गोळी लागते, हे कोणाला खरं वाटलं नसतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखण्याने झोप येईना, म्हणून दवाखान्यात गोळी सुरू झाली. दवाखान्यातून मावशींना सुट्टी मिळाली. गोळीला सुट्टी द्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहिला, मावशी घेत राहिल्या आणि अशी वर्षं गेली. अलीकडे सकाळी डोकं जड असायचं, पाय वाकडा पडायचा. एकदा अंगणात धाडकन पडल्या. उठवायला गेलो तर म्हणाल्या, "पाय नाई घसरला माह्या. ते रातची गोळी अजून जागी हाय."

गोळी बंद व्हायला हवी, हे त्यांनाही कळत होतं. पण ती बंद कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे.

गावात भागवत सप्ताह होता. शेवटच्या दिवशी महाराजांनी व्यसनमुक्तीचा संकल्प ठेवला. स्वयंसेवक झोळी घेऊन फिरू लागले आणि पुरुष मंडळी त्यात गुटख्याच्या पुड्या आणि तंबाखूच्या डब्या टाकू लागली. ज्यांना मी संध्याकाळी पुन्हा पानठेल्यावर पाहणार होतो, ते सगळ्यांत जोरात जयघोष करत होते. महाराज प्रसन्न झाले. म्हणाले, "माझ्या माय-माऊल्यांना काही टाकायची गरजच नाही. बाईला व्यसन नसतं." बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. टाळी न वाजवणारी बाई एकच होती. ती उभी राहिली.

"काऊन नसते?" मावशी म्हणाल्या. "बाई मानूस नाई काय?" आणि कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी झोळीत टाकली.

मांडव गरजला. सप्ताह समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब, ज्यांना शाल हातात आली की कोणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय चैन पडत नाही, ते लगबगीने पुढे आले. शाल झाली, नारळ झाला. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स लागला: "निद्रागोळीचा एका झटक्यात त्याग करणाऱ्या रणरागिणी". त्यात अण्णासाहेबांचा फोटो पुढाऱ्याएवढा होता आणि रणरागिणीचा आधारकार्डाएवढा.

तंबाखू टाकणाऱ्यांनी दुसरी पुडी घेतली, म्हणून त्यांना काही झालं नाही. मावशींनी शब्द पाळला, आणि त्यांचंच अंग बंड करून उठलं. डोळ्याला डोळा लागेना. हात असे कापत की चहाची बशी वाजायची. घाम सुटायचा, छाती धडधडायची, अंगावर मुंग्या फिरताहेत असं वाटायचं. समितीतले लोक भेटायला येऊन "व्रताची परीक्षा आहे, घट्ट राहा" असं सांगून, चहा पिऊन जात होते. मी विचारलं, तेव्हा मावशींनी पहिल्यांदाच थोडक्यात उत्तर दिलं. "मास्तर, मी मरून राह्यली."

मी गाडी काढली आणि त्यांना मलकापूरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयाने लहान होत्या, पण घाई नसलेल्या. कोणती गोळी, केवढी, किती वर्षं, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "आजी, ही गोळी इतकी वर्षं घेतल्यावर अशी एकदम तोडायची नसते. झटके येऊ शकतात. जिवावर बेततं."

"पन व्यसन त सोडाच लागते ना?"

"तुम्ही हौसेने घेत होता का?"

"हौस? कडू जहर हाय ते."

"मग व्यसन म्हणू नका. डॉक्टरने दिली, शरीराला सवय झाली. आता पूर्वी घेत होतात तेवढीच पुन्हा सुरू करायची. जीव थाऱ्यावर आला की मी थोडी कमी करीन. मग थांबायचं. अंगाला मानवलं की आणखी थोडी. त्रास झाला तर तिथेच थांबून माझ्याकडे यायचं. आपल्या मनाने ना वाढवायची, ना तोडायची. आणि कोणी झोपेचं चूर्ण-बिर्ण दिलं तर मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही."

"किती दिवस?"

"महिने लागतील. लागू द्या."

मावशींनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "पुन्हा घेऊ? अवं बाई, शाल घेतली ना म्या!"

डॉक्टरीणबाईंना शालीवर औषध ठाऊक नव्हतं. पण मावशी गोळी घेणार की मान राखणार, यावर मावशींचा जीव अवलंबून होता, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही कळत होतं. परतताना मोताळा मागे पडलं. मग मावशी म्हणाल्या, "मेली त फ्लेक्स मोठा लावतीन." आणि घरी पोचल्यावर गोळी घेतली.

सकाळी त्यांनी अण्णासाहेबांना बोलावून फ्लेक्स काढायला सांगितलं. अण्णासाहेब कळवळून म्हणाले, "मावशी, गोळी घ्या ना तुम्ही! चूपचाप घ्या. कोनाले सांगू नका. सप्त्याची इज्जत हाय."

"सप्त्याची इज्जत माह्या पोटात जाऊन राह्यली काय?"

"लोकं काय म्हनतीन?"

"त्याहीले म्हनू दे. मीच सांगतो."

वऱ्हाडात बाई "सांगतो" म्हणते तेव्हा पुण्याच्या माणसाला व्याकरण आठवतं; आम्हाला सावध व्हायचं कळतं. संध्याकाळी मलकापूरची गाडी लागली, स्टँडवर गर्दी होती, तेव्हा मावशी काठी टेकत तिथे गेल्या, स्वतःच्याच फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आयका रे. हे खोटं हाय. म्या गोळी पुन्हा चालू केली. डाक्टरनं सांगतली. एकदम बंद केली त मरत होती. आता हळूहळू कमी करनार हाय. कोनाले हसायचं असंल त आताच हसून घ्या, मले घरी जाऊन सैपाक करा लागते."

एक पोरगं हसलंच. "मग घेऊन दाखवा ना, आजी!"

"इथं घेऊ? अन् झोपू कुठं, तुह्या गाडीच्या टपावर?"

मग सगळेच हसले, पण तेव्हा ते मावशींना हसत नव्हते. फ्लेक्स रात्रीतून नाहीसा झाला. शाल मावशींनी धुऊन, घडी करून अण्णासाहेबांच्या ओसरीवर ठेवून दिली.

पुढचे महिने सोपे नव्हते. डॉक्टरीणबाई गोळी थोडी कमी करायच्या आणि नंतरच्या काही रात्री मावशींच्या घरातला दिवा जळताना दिसायचा. एका टप्प्यावर तर त्या अडकल्याच. अंग कापायला लागलं, तसं बाईंनी तिथेच बरेच दिवस थांबवलं. गावातले लोक मात्र शेतातल्या पिकाची करावी तशी चौकशी करत. "मावशी, किती राह्यली?" "तुह्या लग्नाची पंगत हाय काय, किती राह्यली इचारून राह्यला?"

वर्ष फिरून पुन्हा सप्ताह आला, तेव्हा अण्णासाहेब आले. त्यांच्या मनात तीच शाल, तोच मांडव आणि नवा फ्लेक्स होता. "मावशी, आता थोडीच राह्यली म्हनतात. काल्याच्या दिवशी संपवून टाका. यंदा खरा सत्कार करू."

क्षणभर मला वाटलं, त्या हो म्हणतील. गावात गेलेली पत परत मिळण्याची ती सोपी वाट होती. मावशींनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाल्या, "अण्णा, तुहा सप्ता तिथीनं येते. माह्यं अंग पंचांग पाहत नाई." काल्याच्या दिवशी त्या मांडवात बायकांत बसून होत्या. त्यांना स्टेजवर बोलावलं गेलं नाही आणि रात्री गोळीचा ठरलेला तुकडा त्यांनी नेमाने घेतला.

पुढे कधीतरी, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो असताना, मी सहज विचारलं, "गोळी केवढ्यावर आली?"

"नाई घेत आता. बाईनं बंद केली."

"केव्हा सोडली? सांगितलं नाही तुम्ही!"

"सोडली नाई, मास्तर," त्या शेंगा फोडत म्हणाल्या. "सोडली होती ते मागं, मांडवात. आता सुटली." झोप येते का, विचारलं, तर म्हणाल्या, "कधी येते, कधी नाई येत. आता ते तिच्या मर्जीनं येते, मीबी तिच्यावर जबरी करत नाई."

मावशी गेल्या वर्षी गेल्या. हृदयविकाराने, दुपारी, घरच्या बाजेवर. शोकसभा अर्थातच अण्णासाहेबांनी घेतली. फोटोला हार होता, फोटोपेक्षा मोठा. अण्णासाहेब भरल्या आवाजात म्हणाले, "आपल्या सप्त्यात या माऊलीनं वर्षानुवर्षांची झोपेची गोळी एका झटक्यात सोडली! असा निर्धार पाह्यजे! आपन सर्वांनी हा आदर्श घ्यावा."

शोकसभेत वक्त्याला दुरुस्त करत नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलण्यासाठीच ती सभा असते, असा आपला समज आहे. मी उठलो.

"एका झटक्यात सोडली नाही," मी म्हणालो. "झटक्यात सोडली तेव्हा जिवावर बेतलं होतं. मग त्यांनी पुन्हा सुरू केली, आणि डॉक्टरांना विचारून वर्षाहून जास्त काळ कमी करत करत बंद केली. हा आदर्श कोणी घेणार असेल तर पूर्ण घ्यावा."

"मास्तर," अण्णासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "शोकसभा हाय."

"दुसरी भरवायला लागू नये म्हणून सांगतोय."

पुढे दोन मिनिटांची शांतता होती. ती आधीच सुरू झाली. सभा संपल्यावर मी चपला शोधत होतो, तर कापडाच्या दुकानाचे शेखचाचा जवळ आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, आमच्या घरात बी हाय. बायको घेते, लय वर्षांपासून. मी कालच म्हनलं होतं तिले, फेकून दे. ते डाक्टरीन मलकापुरात कुठं बसते?"

मी पत्ता सांगितला. सकाळच्या गाडीने जातो म्हणाले. दोन पावलं गेले आणि परत आले.

"मंग आज रातच्याले काय करू? देऊ तिले?"

"रोज देता तेवढीच द्या," मी म्हणालो. "आणि उद्या चाचींना घेऊन जा."