चढावर दिसणारा हात

दुष्काळात आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरला मी हौसेनं मोठे टायर घातले. नदीच्या वाळूत गाडी रुतायची थांबली, पण भरून येताना चढावर तिला धाप लागायला लागली. म्हणून शिरूर कासारच्या एका मिस्त्रीकडे गेलो.

त्यानं मागची चाकं जॅकवर उचलली, टायरवर खडूनं रेघ मारली, चाकं फिरवली आणि खालच्या शाफ्टचे फेरे ओठातल्या ओठात मोजले. मग ढिगातून दातांच्या चाकांची एक जोडी काढली.

"टायर वाढलं, आता ॲक्सलमधली जोडी बी बदलावी लागंल. हिनं जोर येईल. पळणार न्हाई."

मी चिडलो. "पळायलाच पायजे, मिस्त्री! लोक घागरी घेऊन बसलेत."

तो हात पुसत समोरच्या चढाकडे बघत राहिला.

"ऊसतोडीच्या ट्रकलाबी मी हीच टाकली. मुकादम लई शिव्या देतो. पण माझी बायको तिच्या भावासंगं त्याच ट्रकात जाती, पार उन्हाळ्यापतोर. चढावर गाडी हळू गेली, की तिचा हात जरा जास्त वेळ दिसतो."

मी तीच जोडी बसवून घेतली.

निघालो तेव्हा टँकर चढावर सावकाश चालला होता. आरशात मिस्त्री दिसत होता, हात वर करून उभा. त्याची बायको ऊसतोडीला जाऊन तेव्हा महिना झाला होता. तो हात माझ्यासाठी नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माथा येईपर्यंत आत घेतला नाही.