अप्पांचा ढोमा माशावरचा प्रश्न

मंडळी, आज दुपारी नांदेडला माझा पीएचडीचा व्हायवा झाला आणि आत्ता कुठं जिवात जीव आलाय.

धास्ती परीक्षकांची नव्हती, माझ्या वडिलांची, अप्पांची होती. चाकूरला आमचं किराणा दुकान. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि माझा विषय काय, तर समुद्राच्या तळाशी चरणाऱ्या ढोमा माशाच्या पोटात काय सापडतं! तरी अप्पा हट्टानं आले आणि पहिल्याच रांगेत बसले.

पडद्यावर चिरलेल्या पोटांचे फोटो आले. मी अप्पांकडं बघितलंच नाही. पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खातात, वाढल्यावर कोळंबी, खेकडे, छोटे मासे खातात, एवढं सांगून मोकळी झाले.

"कुणाला काही विचारायचंय?" परीक्षक म्हणाले.

अप्पांनी हात वर केला.

"पिल्लाला खेकडा का जमत न्हाई?"

"तोंड बारकं असतं अप्पा, कवच फुटत नाही."

"मंग बराबर हाय." सगळा हॉल हसला, परीक्षकसुद्धा.

बाहेर येऊन अप्पांनी आईला फोन लावला. "पोरगी डॉक्टर झाली. मी लई अवघड इचारलो, तरी बराबर सांगितली."

तुमच्या कामातलं असं अवघड तुम्हाला घरच्या कुणी कधी विचारलंय का?